दगडावर फक्त ‘अहो’

बाबांना जाऊन वर्ष होत आलं आणि कबरीवर दगड बसवायची वेळ आली. आम्ही मराठी ख्रिस्ती. आमच्याकडे माणूस गेल्यावरही त्याच्यासाठी एक खरेदी बाकी राहते. मी मोठ्या हौसेने निघालो. माझ्या डोळ्यांसमोर संगमरवरी देवदूत होता, एक पंख किंचित दुमडलेला. आईच्या मनात काय होतं ते तिने सांगितलं नव्हतं.

धायरीच्या अलीकडे एक दगडवाला आहे. मुख्य धंदा स्वयंपाकाच्या ओट्यांचा, कबरींचं काम अधूनमधून. त्यामुळे देवदूत सिंकांच्या रांगेत उभा होता. आईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “हा कबुतरं पाळणारा कोण?”

माझा देवदूत तिथेच वारला.

मग तिने काळ्या ग्रॅनाइटवर टकटक केलं. “ह्याच्यावर हळदीचे डाग पडतात का हो?”

“बाई, थडग्यावर कोन फोडणी देतंय?”

काळा ग्रॅनाइट ठरला. वरून गोलाई, कोपऱ्यात छोटा क्रूस, बाकी साधा. दगडवाल्याने वही उघडली. “लिहायचं काय?”

“अहो,” आई म्हणाली.

“बोला की.”

“अहो, हेच लिहायचं.”

त्याने पेन्सिल कानावर ठेवली. “नुसतं अहो? हाक मारली अन् फुडं कायच नाय? मानूस वाट बघत बसंल की.”

“बसू दे. मी पन्नास वर्षं बसले.”

मी खो खो हसलो. आई हसली नाही. परतताना स्कूटरवर मागून म्हणाली, “त्यांचं नाव मी एकदाच घेतलं. लग्नात, पाद्रीसाहेबांनी वदवून घेतलं म्हणून. त्या नावाच्या माणसाशी मी कधी बोललेच नाही. आता तिथे जाऊन कोणाशी बोलू?”

पुढच्या सिग्नलला मी चक्क थांबलो, म्हणजे बघा.

आता मजकुराला दफनभूमीच्या समितीची मंजुरी लागते. समितीचे सचिव म्हणजे निवृत्त, काटेकोर, इस्त्रीचा लेंगा घालणारे गृहस्थ. आम्ही त्यांच्या घरी गेलो. एका शब्दाचा तो कागद त्यांनी चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला.

“हे नाव नाही,” ते म्हणाले. “उद्या कोणी विचारलं, इथे कोण आहे, तर काय सांगायचं?”

“‘आमचे हे’ म्हणून सांगा.”

“बाई, दफनभूमीत थट्टा चालत नाही.”

“मी थट्टा करत नाहीये,” आई म्हणाली.

सचिवांनी समजुतीचा सूर लावला. “आपण विचार करा. अहो म्हणजे कोणीही. अहो म्हटल्यावर अमुकच एक माणूस वळून बघेल, असं थोडंच—”

“अहो!” स्वयंपाकघरातून आवाज आला.

“आलो!” म्हणत सचिव खुर्चीतून अर्धे उठले.

मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली. ठेक्यावर पडलेली अशी विंगेतली हाक पुन्हा ऐकायला मी पहिल्या रांगेचं तिकीट काढीन.

सचिव तसेच, ना उभे ना बसलेले. मग बसले. आईने कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. त्यांनी सही केली. मान खाली घालूनच म्हणाले, “खाली बारीक अक्षरांत पूर्ण नाव मात्र घालावं लागेल.”

“घाला. लोकांना लागतं,” आई म्हणाली. “पण तुम्ही आधी आत जा. त्यांना दुसरी हाक मारायला लावू नका.”