मांडव नव्हे, माउंड

"बसवत नही भो," म्हणत नाना दिलेल्या खुर्चीभोवती फिरत राहायचे. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, पंगतीत बसवला तरी वाढायला उठणारा. धुळ्यात आमच्या मागच्या घरात ते राहत. आता नाहीत.

त्यांची मुलगी कॉलेजच्या बेसबॉल संघात चेंडू टाकायची. निवड चाचणीला गेली, तर तिथे फेकणाऱ्यासाठी मातीचा उंचवटा, त्याला माउंड म्हणतात. हिचा सराव सगळा सपाट मैदानावर. उतारावर पाय पडला, तोल गेला, निवड हुकली. कॉलेज संपण्याआधी आता एकच चाचणी उरली होती.

दुसऱ्या दिवशी नाना माझ्या दारात. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही सांगतो. त्यामुळे गल्लीची इंटरनेटची कामंही माझ्याकडेच. "माप काढ भो. परसातच करू." मुरूम आला. नाना धुम्मसाने ठोकायचे, पाणी मारायचे, उतार बघायचे, उकरायचे, पुन्हा ठोकायचे.

"नाना, माझी भांडी पडताहेत!" शेजारीण ओरडायची.

"पडू दे, वहिनी. उचलाले येस मी."

सोनगीरच्या बहिणीला त्यांनी हौसेने फोन केला, "अक्का, पोरगीसाठी माउंड घाली ऱ्हायनू." अक्काला ऐकू आलं, मांडव; म्हणजे भाऊ पोरीचं लग्न उरकायला निघाला. रविवारी ती जीप भरून हजर. नवी लुगडी, नारळ, आणि सोबत एक स्थळही.

"मांडव कोठे शे?"

"हाऊ काय!" नानांनी मुरमाचा ढीग दाखवला.

"हाई ते थडगं दिखस!"

आम्ही पोट धरून हसलो. अक्का हसली नाही. स्थळ खरंच चांगलं होतं, मुलगा नोकरीवाला. "पुढला महिनामा उरकी टाकू. चेंडू फेकीसन काय व्हणार शे?"

नाना परसात येरझारा घालू लागले. मुलगी चेंडू मुठीत दाबून बापाकडे बघत राहिली.

"चाचणी होऊ दे, अक्का," नाना थांबून म्हणाले.

"पोऱ्या थांबाव नही."

"मंग जाऊ दे त्याले."

अक्का नारळासकट जीपमध्ये बसली. राखीला आली नाही, भाऊबीजेलाही नाही. नाना सणाच्या दिवशी रस्त्याच्या तोंडापर्यंत जायचे, यायचे, परत जायचे.

पुढच्या चाचणीत मुलीची निवड झाली. नानांनी अक्काला फोन लावला. तिने उचलला नाही. सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन ते सोनगीरला गेले. संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा मी स्टँडवर गाडी घेऊन उभा होतो.

"नाना, अक्का काय बोलल्या?"

"बोलनी नही," ते माझ्या मागे बसत म्हणाले. "पन पेढा बठ्ठा खाई गयी, एक बी नही उरना."