आधी जाते किती ते सांगा

“येते किती ते मंग सांगा. आधी जाते किती ते सांगा.”

समोर कोणीही येऊन बसलं की त्यांचं हेच पहिलं वाक्य असायचं. मग ते टेबलावरचे दोन स्टीलचे ग्लास जवळ ओढायचे. एक पाण्याने काठोकाठ भरलेला, एक रिकामा. भरलेला म्हणजे पगार. माणूस एकेक हप्ता सांगायचा आणि ते भरलेल्यातलं पाणी थोडं थोडं रिकाम्यात ओतायचे. शेवटी पहिला ग्लास तिरपा करून दाखवायचे. “हे उरलं. यातच घर, दवाखाना, पाहुणे. अर्ध्याच्या खाली गेलं का कार्ड देणारे मागं सरकतात.”

ते दोन्ही ग्लास मीच टेबलावर मांडायची, म्हणून मला हे माहीत. हिंगणघाटला बाजाराजवळ एका दुकानाच्या वर क्रेडिट कार्डाचे फॉर्म भरून घेणारं ऑफिस होतं. तिथे मी झाडूपोछा करायची आणि पाणी भरायची. अजूनही करते. त्यांना सगळे फॉर्मवाले भाऊ म्हणायचे. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल. उन्हाळ्यात डोक्यावर ओला दुपट्टा. तुम्ही पाहिलं असतं तर हा माणूस बँकेचं काम करतो असं तुम्हाला वाटलं नसतं.

एकदा एक मास्तर आले. पगार मोठा, आवाजही मोठा. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, पतसंस्थेचा हप्ता, मुलाच्या शिक्षणाचा हप्ता. भाऊ ओतत गेले. ग्लासाच्या तळाशी दोन घोट राहिले.

“माहा पगार पाह्यला का तुम्ही?” मास्तर चिडले.

“पाह्यला ना गुरुजी. म्हणूनच घाबरलो.”

मास्तर जिना दणदण वाजवत उतरले. त्याच आठवड्यात एका चपराशाला कार्ड मिळालं. पगार मास्तरांच्या चौथाई, पण डोक्यावर एका रुपयाचं कर्ज नाही. भाऊंनी त्याच्यापुढे भरलेला ग्लास सरकवला आणि म्हणाले, “प्या आता. आणि असाच भरलेला ठेवजा.”

नागपूरहून त्यांच्या साहेबांचा फोन यायचा. आवाज खोलीभर ऐकू यायचा. “आप फॉर्म भेजो. बाकी सिस्टम देखेगा.” भाऊ हो हो म्हणायचे आणि फोन ठेवला की आपल्याशीच बोलायचे. अर्ज नाकारला गेला की चौकशीची नोंद मागे राहते, पुढच्या ठिकाणी ती दिसते. म्हणून जो फॉर्म परत येणार हे कळायचं, तो ते पाठवतच नव्हते. त्यांना फॉर्ममागे पैसे मिळायचे, तरीही. माणसं त्यांच्यावर रागवायची. मीही रागावले होते.

मला पिको-फॉलचं मोटारचं मशीन घ्यायचं होतं. दुकानदार म्हणाला, कार्ड असलं तर हप्त्यात देतो. तीन वर्षं मी त्या टेबलाखालून झाडू फिरवत होते, पण बोलायची हिंमत झाली नव्हती. शेवटी त्यांनीच विचारलं, “ताई, फॉर्मकडे काऊन पाहून राह्यल्या? काई पाहिजे काय?”

मी बसले. माझ्याच हातचा भरलेला ग्लास माझ्यासमोर आला.

पगार अकरा हजार, खात्यात येणारा. दोन घरच्या धुण्याभांड्याचे पैसे मी सांगितले, तर म्हणाले, “ते हातात येते ताई. खात्यात येते तेच त्याइले दिसते.” मग बचत गटाच्या कर्जाचा माझा हप्ता सांगितला, दोन हजार. त्यांनी ओतलं. ग्लास अजून चांगला भरलेला होता. मला मशीनचा आवाज ऐकू यायला लागला.

त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. “हे दुसरं कर्ज? बत्तीसशेच्या हप्त्याचं?”

“ते माह्यं नोहे. शेजारणीचं हाय. नाव फक्त माह्यं.”

आमच्या गल्लीत असंच चालतं. जिला गरज तिला दुसरी आपल्या नावावर कर्ज उचलून देते. शेजारणीच्या पोरीची नर्सिंगची फी भरायची होती. हप्ता ती न चुकता भरत होती. मला वाटलं, हे सांगितलं की ते पाणी परत ओततील.

त्यांनी उलट आणखी ओतलं. मग ग्लास तिरपा केला. जेमतेम अर्धा, आणि मशीनचा हप्ता अजून ओतायचाच होता.

“ताई, कागदाले शेजारीण दिसत नाई. तुम्हीच दिसता.”

मी उठले आणि झाडू घेतला. डोळे भरले होते ते त्यांना दिसू नये म्हणून सगळा जिना पुन्हा झाडला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर मी एकच ग्लास ठेवला.

“दुसरा कुठी गेला?”

“फुटला.”

“स्टीलचा?”

मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला. तेही हसले. मग त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, मला वाचता येईल असं. ‘शेजारणीचं कर्ज फिटू द्या. बाकी निल झाल्याचा कागद घ्या. मग या.’ खाली त्यांचा फोन नंबर. “तुमचा फॉर्म मी माह्या हातानं भरीन,” ते म्हणाले. “आणि पाठवीन.”

कर्ज फिटायला दीड वर्ष लागलं. मी रोज दोन ग्लास ठेवायची, ते रोज विचारायचे, “किती हप्ते राह्यले?” मी बोटं दाखवायची. सहा. पाच. तीन.

मग मुलीच्या बाळंतपणाला मी महिनाभर तिच्या गावी गेले. परत आले तेव्हा त्यांचं टेबल भिंतीला लावलेलं, वर जुने पुठ्ठे. आता फॉर्म मोबाईलवर भरतात, भाऊंच्या जागी एक मुलगी बसते. शेवटचा हप्ता फिटल्यावर मी निलचा कागद आणलेला पाहून ती म्हणाली, “मावशी, याची काई गरज नाई. पगार वीस हजार टाकू का? कोण पाहते?”

मी नको म्हटलं. दोन घरच्या पैशातून मशीन पुढे जुनं घेतलं, पायाचं, रोख.

चिठ्ठीवरचा नंबर एकदा लावला. “हॅलो, कोन बोलते?” आवाज तोच होता. मी कोण म्हणून सांगू? माझं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, मी त्यांचं. मी फोन कापला. पुन्हा धीर झाला तेव्हा नंबर बंद होता.

ते तळेगावचे, एवढं एकदा बोलण्यात आलं होतं. मागच्या महिन्यात आष्टीला लग्नाला गेले, तेव्हा एसटी तळेगावला थांबली. कागद पिशवीत होता. मी तो लग्नाला का नेला, ते विचारू नका. खिडकीतून चहाच्या टपरीवरचे, बाकावरचे सगळे चेहरे पाहिले. डोक्यावर दुपट्टा असलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. तो वळेपर्यंत मी खिडकीतून वाकून पाहत राहिले. तो दुसराच होता.

“उतराचं हाय का बाई?” कंडक्टरने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. गाडी सुटली तेव्हा माझा हात खिडकीच्या गजावर होता. तीन बोटं उघडी, मग दोन, मग सगळी मिटलेली. एकही हप्ता राहिला नाही भाऊ, असं मी मनात म्हणाले.