आर्विडने सांगितलेली वाट

ऊन डोक्यावर आलं तरी मार्लीस परतली नव्हती.

आर्विड टॉलेफसन कॅम्पर गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर बसला होता. स्वेनचा पट्टा त्याने डाव्या मनगटाला गुंडाळून घेतला होता. स्वेन म्हातारा काळा कुत्रा, तोंडावरचे केस पांढरे झालेला. खुर्चीशेजारी ओल्या टॉवेलवर पडून तो धापा टाकत होता. समोर अमेरिकेतल्या यूटा राज्याचा लाल खडक, त्यात शिरणारी पायवाट आणि वाटेच्या तोंडाशी ती नेहमीची पाटी: कुत्र्यांना पुढे मनाई.

पाटीची आर्विडला सवय होती. तो उत्तरेकडच्या डलूथ शहराचा. उभा जन्म त्याने पुलांचे आणि उंच इमारतींचे लोखंडी सांगाडे उभारण्यात घालवला. मार्लीस शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. दोघं निवृत्त झाली, जुनी कॅम्पर घेतली आणि देशातली राष्ट्रीय उद्यानं बघायला निघाली. पहिल्या खेपेला स्वेनला मुलीकडे ठेवलं होतं. त्याने आठवडाभर अन्नाला तोंड लावलं नाही. तेव्हापासून जिथे ही दोघं तिथे तो.

आणि कुत्रा बरोबर असला की उद्यान बघायची एकच रीत. एकाने चालायचं, दुसऱ्याने गाडीपाशी कुत्रा धरून बसायचं. मग पाळी बदलायची. आर्विड आधी जायचा, अंधुक उजेडात. परत आला की वाट कशी आहे ते मार्लीसला सांगायचा, पट्टा तिच्या हातून घ्यायचा, आणि ती निघायची. दोघांनी सगळं पाहिलं होतं, पण एकत्र काहीच नाही. फोटो कायम एकाचाच, अनोळखी कोणीतरी काढून दिलेला.

अशी कुत्रेवाली माणसं प्रत्येक उद्यानात गाड्यांच्या सावलीत बसलेली असतात. एकमेकांची नावं त्यांना ठाऊक नसतात, कुत्र्यांची असतात. शेजारच्या गाडीपाशी टेक्सासची लव्हॉन बसली होती. मांडीवर डचेस नावाची लांबट, आखूड पायांची कुत्री.

"स्वेनचे बाबा," ती म्हणाली, "त्या वाटेकडे एवढं टक लावून बघू नका. झिजेल ती."

"यायला हवी होती आतापर्यंत."

"फोटो काढत बसली असेल."

"आमचा एकच फोन, तो माझ्या खिशात आहे. इथे लागतही नाही."

लव्हॉनने डचेसच्या कानामागे खाजवलं.

आर्विडने मनात हिशेब मांडला होता. मार्लीसची चाल, तिचं वय, चढ. दम खायला सवड धरली होती, वर आणखी थोडी. ती सगळी सवड संपली होती. पाणीही तिने एकच बाटली नेलं होतं, कारण तोच म्हणाला होता, पुरेल.

एक तरुण जोडपं वाट उतरून आलं. आर्विड उठला, पट्ट्यासकट त्यांना आडवा गेला.

"हिरवी टोपी, पाठीवर पांढरी वेणी. दिसली कोणी?"

"त्या आजी? हो, बसल्यात ना," मुलगा म्हणाला. "ती दगडाची भिंत आहे ना, तिच्या पलीकडे. आम्ही विचारलं, बऱ्या आहात ना. म्हणाल्या, देखावा बघतेय."

"कधी विचारलंत?"

"जाताना." मुलीने बोलता बोलता नवऱ्याकडे पाहिलं. "आणि येतानाही तिथेच होत्या."

मार्लीस बसत नाही. तीनशे पोरांचं जेवण उभ्याने वाढून घरी आलेली बाई संध्याकाळी ओट्यापाशी उभ्यानेच खायची.

"कुठली भिंत म्हणालात?"

"अहो, ती अरुंद. दोन्हीकडे खोल. तिथून जावंच लागतं. मी तर निम्मी चार पायांवर ओलांडली."

"रांगत," मुलगी म्हणाली. "लहान बाळासारखा."

आर्विडला भिंत आठवेना. तो तर सकाळी तिथूनच गेला होता. मग आठवलं. वाटेत एक मोकळा तुकडा होता, छान गार वारा येत होता. तिथे त्याने चालता चालता सफरचंद खाल्लं होतं. आणि परत येऊन मार्लीसला सांगितलं होतं, "सुरुवातीला चढ, मग वाळू, पुढे सगळी सपाटी. तुला जड जाणार नाही."

मार्लीस घरात शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढत नसे. दिवे बदलायचं काम आयुष्यभर त्याचं होतं. हे त्याला माहीत होतं. तो खोटंही बोलला नव्हता. बावीस मजले उंचीवर हातभर रुंद लोखंडी गर्डरवरून जेवणाचा डबा घेऊन चालणाऱ्या माणसाने त्याला दिसलं ते सांगितलं होतं.

त्याने गाडीकडे पाहिलं. स्वेनला आत ठेवला तर दोन तासांत मेलेला सापडेल. बरोबर न्यावा तर पाटी आहे, आणि पाटी नसती तरी त्या वाळूत त्याचे तळवे भाजले असते. निम्म्या वाटेवर त्याला उचलावा लागला असता.

"आणा इकडे," लव्हॉन म्हणाली.

या प्रवासांत तो पट्टा मार्लीसशिवाय कोणाच्या हातात गेला नव्हता.

"तो परक्याच्या हातून पाणी पीत नाही."

"मग अंगावर ओतेन. बाळा, बायको तुझी तिकडे अडकलीय आणि तू मला कुत्र्याचे नखरे काय सांगत बसलायस?" तिने हात पुढे केला. "उद्यानाची रेंजर फेरीवर येईल तेव्हा तिला सांगते. नीघ."

त्याने मनगटावरचे वेढे सोडले. स्वेन उठला, कुंथला. आर्विडने पाण्याच्या तीन बाटल्या घेतल्या आणि मागे वळून पाहिलं नाही.

चढावर तो घाई करू लागला आणि स्वतःवरच चिडला. कामावर घाई करणारी माणसं पडतात. त्याने पावलं आखूड केली. वाळूत पाय रुतत होते. सकाळी एकदा ही वाट चाललेला उजवा गुडघा आता प्रत्येक पावलाला दुखत होता. माणसं उतरत होती. प्रत्येकाला तो विचारत होता आणि प्रत्येक जण तेच सांगत होता: हो, बसल्यात, बऱ्या आहेत म्हणाल्या.

वारा वाढला होता. वाळूचे कण गालाला टोचत होते.

मग भिंत आली. सकाळी बघितलेलीच. लांबट खडक, जेवायच्या टेबलाएवढा रुंद, मध्ये काही ठिकाणी त्याहून अरुंद. दोन्ही बाजूंनी खडक सरळ खाली गेलेला. पलीकडे जुनिपरचं एक वाकडं झुडूप होतं आणि त्याच्या बुंध्याला पाठ लावून मार्लीस बसली होती. डोक्यावरची टोपी वाऱ्याने नेली होती. दोन्ही तळवे तिने जमिनीवर दाबून धरले होते, जणू जमीन उडून जाणार होती.

आर्विड सवयीनेच ताठ चालत ओलांडून गेला. मध्यावर वाऱ्याचा झोत आला तसा किंचित झुकला आणि पुढे चालू लागला. मार्लीसने डोळे गच्च मिटून घेतले.

"तसा चालू नकोस माझ्यासमोर," ती डोळे न उघडता म्हणाली. "स्वेन कुठे आहे?"

"टेक्सासवालीकडे."

"तिच्याकडून तो पाणी पिणार नाही."

"तू पी आधी."

ती प्यायली. ओठ फुटले होते. मान आणि कान लाल झाले होते.

"सपाटी म्हणालास," ती म्हणाली.

"सपाटीच आहे."

"आर्विड."

"मला सपाटी वाटली."

"येताना पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत आले. चढ होता, खाली काही दिसलं नाही. परत निघाले आणि सगळं समोर. पाय उचलेचना." तिने बाटलीचं टोपण लावलं, ते दोनदा सटकलं. "येणाराजाणारा प्रत्येक जण विचारत होता. काय सांगू त्यांना? नवरा म्हणाला सपाटी आहे आणि माझे पाय उचलत नाहीत?"

आर्विडने आभाळाकडे पाहिलं. सावली त्या झुडपाचीच, तीही विरळ. पाणी संध्याकाळपर्यंत पुरणार नव्हतं. रेंजर येईल, पण कधी ते कोणाला माहीत.

"ऊठ. माझा कमरेचा पट्टा मागून धर. पाठीकडे बघ. जशी आलीस तशीच."

ती उठली. त्याच्या पट्ट्यात तिने दोन्ही मुठी अडकवल्या. ती दोघं खडकावर आली. दोन पावलं गेली. तिसऱ्याला वाऱ्याचा जोराचा झोत आला आणि मागचं वजन एकदम खाली गेलं. मार्लीसच्या गुडघ्यातलं बळ गेलं होतं. ती बसली, पण तिरकी, आणि तिचा एक पाय कडेवरून घसरला. आर्विड वळला आणि त्याने तिचा दंड धरला. खडकाचा एक चपटा तुकडा तिच्या टाचेखालून सुटला. तो आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

दोघं तशीच थांबली. तिची नखं त्याच्या हातात रुतली होती. मग त्याने तिला ओढून परत झुडपापर्यंत आणलं.

"मी बसते इथेच," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "तू जा. कुत्र्याला ऊन सोसणार नाही."

"नाही."

"माझ्याच्याने होणार नाही, आर्विड."

"उभ्याने होणार नाही," तो म्हणाला.

कामावर नवी पोरं यायची. पहिले काही दिवस ती गर्डरवर घोड्यावर बसावं तशी दोन्हीकडे पाय सोडून बसायची आणि हातांवर जोर देऊन पुढे सरकायची. जुनी माणसं हसायची. आर्विड सगळ्यांत मोठ्याने हसायचा. नोकरीभर तो एकदाही तसा बसला नव्हता.

तो खडकावर गेला आणि तोंड मार्लीसकडे, पाठ परतीच्या वाटेकडे करून त्या पोरांसारखा खाली बसला.

"माझ्यासारखी बस. हात पुढे टेक. ढुंगण उचल आणि सरक. माझ्याकडे बघ, दुसरीकडे कुठे नाही."

"आणि तू उलटा जाणार? तुला दिसणार काय?"

"तू सांग."

मार्लीस खडकावर आली, बसली आणि तिने हात टेकले.

"लोक बघतायत," ती म्हणाली. पलीकडे पाच-सहा माणसं थांबली होती.

"बघू देत. सरक."

ती सरकली. तोही मागे सरकला. खडक तापलेला होता, तळवे भाजत होते.

"डावीकडे हो," ती म्हणाली. "तुझ्या डावीकडे. अजून. बस."

"आता?"

"सरळ. एक उंचवटा येईल पाठीशी. आला?"

"आला."

"पुढे अरुंद आहे."

"किती?"

"आपल्या बाकाएवढं."

"अंगणातल्या की स्वयंपाकघरातल्या?"

"स्वयंपाकघरातल्या."

"मग पुष्कळ आहे."

"तुला सगळंच पुष्कळ असतं," ती म्हणाली आणि सरकली.

अरुंद जागी पाय दोन्हीकडे लोंबत होते. वारा बाजूने लागायचा तेव्हा ती थांबायची, डोळे त्याच्या चेहऱ्यावर रोवायची. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची, कारण बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. आर्विडला मागचं काही दिसत नव्हतं. कामावर तो कधी कोणाच्या सांगण्यावर पाऊल टाकत नसे. आता ती थांब म्हणाली की तो थांबत होता. मध्येच गुडघा अडकला, वाकेना.

"काय झालं?"

"काही नाही."

"आर्विड, काय झालं ते सांग."

"गुडघा. दुखतोय. वाकत नाहीये."

"मग पाय सरळ सोड आणि हातांवर ये. घाई नाही. उजवीकडे दीड वीत जागा आहे, जास्त नाही."

त्याने तसं केलं. पँट बुडाशी फाटली, त्याचा आवाज दोघांनी ऐकला.

शेवटी त्याच्या पाठीला कोणाचा तरी हात लागला. "आलात, साहेब." लोकांनी आधी मार्लीसला हात दिला. ती उभी राहिली, दोन पावलं चालली, थांबली. आर्विड उठायला गेला आणि त्याला उठवेना. मांड्या थरथरत होत्या. थांबवायला गेला तर आणखी थरथरल्या. मार्लीसने परत येऊन बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या शेजारी बसून राहिली.

वाळूच्या पट्ट्यात त्यांना रेंजर भेटली. तिने दोघांना तपासलं, मार्लीसच्या मानेला ओलं फडकं बांधलं आणि शेवटपर्यंत बरोबर आली. गाडीपाशी स्वेन लव्हॉनच्या पायांवर ओलाचिंब पडला होता.

"पाणी प्यायला?" मार्लीसने विचारलं.

"दोन भांडी. आणि माझं अर्धं सँडविच." लव्हॉनने पट्टा तिच्या हाती दिला आणि आर्विडच्या पँटकडे पाहिलं. "बाळा, आत जाऊन बदलून ये. इथे पोरंबाळं आहेत."

त्या रात्री अंधारात मार्लीस म्हणाली, "उद्यापासून मी आधी जाणार."

"बरं."

पुढच्या उद्यानात पहाटे तिने बूट घातले आणि आर्विडने पट्टा धरला. ती उन्हं चढायच्या आत परतली. खुर्चीवर बसून तिने वाट सांगितली: सावली कुठवर, पाणी कुठे, कड कोणत्या हाताला आणि किती जवळ, कुठल्या दगडाला धरायचं. आर्विडने ऐकून घेतलं.

"आणि शेवटचा टप्पा तू करू नकोस," ती म्हणाली. "दगडी पायऱ्या आहेत, उंच. तुझा गुडघा अजून सुजलेला आहे. चढशील, उतरायचं कसं?"

आर्विडने पट्टा तिच्याकडे दिला आणि तो निघाला.

सावली तिने सांगितली तिथेच संपली. कड डाव्या हातालाच होती. पायऱ्यांपाशी तो थांबला आणि त्याने वर पाहिलं. त्याला त्या मुळीच उंच वाटल्या नाहीत. तो तिथूनच मागे फिरला.