कापलेल्या फोटोतला हात

मंडळी, आज माझं मन थाऱ्यावर नाही. कोणाला तरी सांगायचं म्हणून लिहितेय.

आज आईबाबांच्या लग्नाचा वाढदिवस. त्यांच्यासाठी मी घरच्या जुन्या फोटोंचं स्क्रॅपबुक केलं. लग्नपत्रिकांचे सोनेरी काठ कापून लावले आणि वर कापसाची फुलं. त्या फुलांसाठी मुकुटबनहून आलेल्या आत्याने दुपारभर बसून कापसातली सरकी काढून दिली.

संध्याकाळी सगळे पानं उलटत होते. माझ्या बारशाच्या फोटोवर भाचीने बोट ठेवलं. "मावशी, आजीच्या खांद्यावर हा हात कोणाचा?"

तो फोटो मी बदामाच्या आकारात कापला होता. आई, बाबा आणि मांडीवरची मी, एवढेच त्यात बसलो. आईच्या मागे उभी असलेली आत्या कात्रीत गेली. राहिला फक्त हिरव्या बांगड्यांचा हात.

"माहाच हाये तो," आत्या म्हणाली. मग हळूच विचारलं, "बाकीचा तुकडा ठेवला असशीन ना तू? माहा त्या वक्ताचा दुसरा फोटो नाई."

तुकडे सकाळीच घंटागाडीत गेले होते. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं.

"जाऊ दे पोरी, हात तं आला," म्हणाली, आणि त्या पानावरचं सुटलेलं फूल अंगठ्याने दाबून बसवलं.

खरं सांगू? कापताना ती मला दिसली होती. आकार बिघडेल म्हणून मी कात्री तशीच फिरवली.

आत्ता ती आत, फुलं लावायची राहिलेल्या पानांसाठी सरकी काढत बसली आहे. सांगा, कोणत्या तोंडाने जाऊ तिच्यासमोर?