घोडीच्या पायांतला नाच

घोडीला पहिला डाग मीच दिला. तापलेला विळा तिच्या पुढच्या पायाला टेकवला, कातडं चरचरलं, आणि तिनं मान फिरवून माझ्या खांद्याचा लचका तोडला. कुणी व्रण पाहून विचारलं तर मी कुत्रं चावलं म्हणून सांगतो.

मांजरसुंब्याजवळच्या आमच्या वस्तीवर वडिलांनी ही पांढरी घोडी शिंगरू असल्यापासून वाढवली. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेवाला घोडीवर बसवून मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. देवळापुढं लाकडी खाट टाकायची, नवरदेवासकट घोडी वर चढवायची आणि हलगीवर नाचवायची, याच्यासाठी आमची घोडी सगळ्या भागाला माहीत होती. वडील अंथरुणाला खिळले आणि लगाम माझ्या हाती आला. तेव्हा ती विशी ओलांडून गेलेली.

म्हातारपणी तिचा नाच वाढला. एक पाय टेकला की लगेच उचलायची, मग दुसरा. हलगी थांबली तरी पाय थांबत नसत. लोक शिट्ट्या मारायचे. वडिलांना कळलं तेव्हा ते पडल्या पडल्या म्हणाले, "माझ्या हाती अशी कधी नाचली न्हाई रे ती." मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

भर वैशाखात तिचे थंडीतले केस गळत नव्हते, बोकडासारखे लोंबत. मेंढ्या कातरायच्या कात्रीनं मी ते उतरवायचो, लग्नघरी कुणी नाक मुरडू नये म्हणून. हौद एका दमात रिता करायची. पाठीवरचं मांस झडलं, मानेवर मात्र चरबीची वळी. अशक्तपणा आला म्हणून मी गूळ-हरभऱ्याचा खुराक वाढवला. लंगडू लागली तेव्हा वात धरला म्हणून डाग दिले. डागानं भागेना तेव्हा चाबूक.

शेवटी बायकोनं अंबाजोगाईच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी खुराच्या वर बोटं दाबून नाडी पाहिली, मलाही बघायला लावली. बोटाखाली हातोडी चालल्यागत लागत होती. चिमट्यानं खूर दाबलं तशी घोडी भिंतीवर आदळली. केस वेळेवर गळतात का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या वाकल्या, पोटाखाली माझी कात्री न पोचलेली लांब बट हातात धरली, आणि माझ्यापुढं केली. मग रक्त काढून बर्फात ठेवलं आणि तपासायला पाठवलं.

निकाल आल्यावर त्यांनी समजावलं. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, म्हातारपणी काही घोड्यांची ती बिघडते आणि अंगात नको तितके हार्मोन सोडत राहते. केस, तहान, चरबी सगळं त्यातलंच. खुरातलं हाड ज्या पडद्यानं धरलेलं असतं तोही सुजून सुटायला लागतो, आणि गूळ-दाण्यानं ते आणखी भडकतं.

"ती नाचत नव्हती," त्या म्हणाल्या. "तिला पाय टेकवत नव्हता."

आता रोज एक गोळी, जन्मभर. गूळ-दाणा बंद, सुकं गवत भिजवून द्यायचं. खुरं तासून घ्यायची, मऊ मातीत ठेवायचं, काम अजिबात नाही. एवढं सांभाळलं तर ती चालती-फिरती राहील, नाही तर हाड तळव्यातून बाहेर येईल आणि तिला मारावं लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मान हलवली.

आणि चौसाळ्याच्या परण्याला घेऊन गेलो. सोयऱ्याला शब्द दिला होता, घोडी म्हातारी झाली हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. बाईंनी दिलेली दुखणं थांबवायची पूड दुपटीनं चारून नेली. खाटेवर चढली, चार पावलं नाचली आणि पुढच्या गुडघ्यांवर कोसळली. खाट मोडली, नवरदेव तोंडावर पडला. हलगीवाला ओरडला, "उठव बे तिला!" मी चाबूक उलटा धरून दांड्यानं तिच्या तोंडावर मारलं. डोळ्याखाली फुटलं. रक्त उडालं तरी मारत राहिलो. माणसं मोबाईल धरून उभी होती. ती उठली, लाथ झाडली आणि माझ्या दोन बरगड्या मोडल्या. खाटेच्या पांढऱ्या चादरीवर खुरांचे लाल ठसे होते.

पाय आणखी बिघडले म्हणून डॉक्टरीणबाई परत आल्या. काम बंद होतं ना, त्यांनी विचारलं. मी होतं म्हणालो, डोळ्याखालचं पत्र्यानं कापलं म्हणालो. म्हणजे औषध पुरत नाही असं समजून त्यांनी गोळी वाढवली. घोडीनं चारा सोडला. पुढच्या खेपेला बायकोच मधे बोलली, "यांनी खाटेवर चढवलती तिला. मारलं बी लई."

बाईंनी घोडीचं तोंड कुरवाळलं.

"तुमच्या एका शब्दावर मी औषध वाढवलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तिचं खाणं सुटलं."

गोळी परत कमी झाली, घोडी खायला लागली. आज ती मऊ मातीत उभी असते, नाडी शांत आहे. नवं खूर वरून नितळ येतंय. पाय दुखत नाहीत, बाईंनी चिमट्यानं तपासून सांगितलंय. गोळी बायको देते, तिच्या हातून निमूट खाते. मी गोठ्याच्या दारात आलो, हातात काही नसलं तरी, की तिचा एक पाय उचलला जातो, मग दुसरा. हलगी नाही, दुखणं नाही.

वडील आतून खुरांचा आवाज ऐकतात. "नाचती व्हय रे अजून?"

आजवर हो म्हणत आलो. काल न्हाई म्हणालो, आणि उंबऱ्यावर बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मागं घोडीचे पाय चालूच होते.