पेपरमिंटच्या बरणीशेजारची गोळी

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात फळीवर प्लॅस्टरची पावडर साचते, तसे हे किस्से साचलेत. झटकले की शिंका येतात, म्हणून कोणी झटकत नाय. मी झटकते.

साल नव्वदच्या पुढचं. बारा महिने धूळ, म्हणून बारा महिने सर्दी. आम्ही बायका मूर्ती घासायचो, शिंकायचो, परत घासायचो. पण दत्तूदादाला शिंकून चालायचं नाय. तो मूर्तीचे डोळे काढायचा. त्याच्या हातावर अख्खा कारखाना जेवायचा.

नाक्यावरच्या वाण्याकडे पेपरमिंटच्या बरणीशेजारी सर्दीच्या गोळ्या, खोकल्याच्या बाटल्या. डॉक्टर नको, चिठ्ठी नको. आत काय घातलंय ते मुंगीएवढ्या इंग्रजीत. मी चौथी पास. वाणी मॅट्रिक, त्यालाही वाचता येईना!

*

आमच्यातली हिरामावशी माळकरी. दारुड्या जावयाला उंबरा ओलांडू देत नसे. खोकल्याची बाटली मात्र कायम पिशवीत. एकदा जावयाने झाकण उघडून वास घेतला. "सासूबाय, आपला ब्रँड एकच हाय की!"

खोकला तसाच राहिला. मावशीने माळ मात्र देवापुढे काढून ठेवली, ती परत घातलीच नाय.

*

आमच्या शेठना डायबेटीस. चहा गोड लागला तर कप भिरकावत. खोकल्याचं औषध मात्र झाकण चाटून घेत. बाटलीला मुंग्यांची रांग लागलेली. मी म्हटलं, "शेठ, औषधात साखर हाय."

"तू काय डॉक्टर हायस?"

"मी नाय. मुंग्या हायत!"

सगळे हसले. पावसाळ्यात साखर चढून शेठच्या पायाचा अंगठा डॉक्टरांनी कापून टाकला.

*

कुसुम रोह्याहून कामाला यायची. नवरा तिथल्याच धाटावच्या कंपनीत. सर्दीची गोळी खाऊन शिफ्टला गेला. त्या गोळीने गुंगी येते हे सांगणार कोण? मशीनवर डोळा लागला, दोन बोटं गेली.

सुपरवायझर म्हणाला, "झोप येत होती तर घरी थांबायचं!"

कुसुम म्हणाली, "थांबला असता तर खाडा कोणी मांडला असता? तूच ना!"

*

दत्तूदादाला ब्लडप्रेशर. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, "नाक मोकळं करणाऱ्या गोळीने प्रेशर चढतं. घ्यायची नाही." मी वाण्याला दम दिला, "दादाला गोळी दिलीस तर बरणी फोडीन!"

"मी नाय दिली तर दुसरा देईल," वाणी म्हणाला.

खरंच दुसऱ्याने दिली. चतुर्थी तोंडावर आलेली. दादा ब्रश उचलायच्या आधी गोळी तोंडात टाकायचा.

"दादा, मरशील."

"गो, एक शिंक आली तर देव तिरळा होतो. तिरळा देव घरी कोण नेतो?"

त्या दुपारी मोठ्या मूर्तीचा उजवा डोळा झाला. डाव्यासाठी दादाने ब्रश रंगात बुडवला. आधी ब्रश पडला, मग दादा.

मूर्ती तशीच राहिली, एका डोळ्याची. दुसरा काढायला कोणी धजलं नाय.

दिवाळीनंतर बायको दादाला धरून कारखान्यात घेऊन आली. उजवा हात लोंबता, तोंड वाकडं. मूर्तीपुढे स्टुलावर बसला. आम्ही तोंडाला पदर लावून उभ्या. डाव्या हाताचं बोट त्याने त्या एका डोळ्याच्या रेघेवरून हळू फिरवलं, टोकापर्यंत नेलं, आणि माझ्याकडे बघून अडखळत म्हणाला,

"बघ गो... शिंक आली नाय!"