थोरल्याची पटाशी

धारेच्या बाबतीत कातारी नाकावर माशी बसू देत नसे. लेथवर लाकूड चढवण्याआधी पटाशी सराणाच्या फिरत्या दगडावर धरायची, मग तेलाच्या दगडावर घासायची आणि डाव्या मनगटावरचा केस अलगद उतरला तरच कामाला घ्यायची. डोक्यावरचे केस वयाने नेले, मनगटावरचे धारेने, असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

असा हा माणूस एक पटाशी मात्र बोथट वापरत होता. ती खोलगट पटाशी त्याच्या थोरल्या भावाने स्वतःच्या भट्टीवर घडवली होती. भावाने तापवून, पाणी देऊन कडक केला होता तो फक्त पुढचा तुकडा. मागचं लोखंड मऊ, त्याला धार टिकत नाही. वर्षानुवर्षं घासून तो कडक भाग आता नखाएवढाच उरला होता. भाऊ गेल्या वर्षी गेला, आणि तेव्हापासून कातारीने तिला सराण दाखवलं नव्हतं. बरं, ठेवून द्यावी तर तेही जमेना, कारण ती हातात असली की थोरला शेजारी उभा आहे असं वाटायचं. मग जोर लावून रेटायचं, लाकूड कापण्याऐवजी फाटायचं, आणि वरून पॉलिश पेपर मारून झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुतणीच्या येणाऱ्या बाळासाठी तो पाळण्याच्या कठड्याचे दांडे कातत होता. वहिनी ते पाहायला आली, एका दांड्यावरून हात फिरवला आणि तिच्या बोटात लाकडाची बारीक कूस गेली. ती काढून तिने पटाशी उचलली, धारेवर अंगठा आडवा फिरवला. भट्टीवाल्याबरोबर संसार केलेली बाई; तिला सांगायची काय गरज? धार का लावली नाही, असं तिने विचारलं. कातारीने आधी आढेवेढे घेतले.

"लावली की संपेल, वहिनी. मग त्याच्या हातचं काय उरलं माझ्याकडे?"

वहिनीने दुखरं बोट त्याच्यापुढे धरलं.

"भावजी, उद्या हीच कूस बाळाला लागली, तर वर गेल्यावर त्यांना काय सांगू मी?"

दुपारीच त्याने सराण चालू केलं. जुने दांडे बाजूला टाकले आणि नवं लाकूड घेतलं. धार जराशी उतरली की घासायची, हात आखडायचा नाही. लाकडाची सालपटं लांबलचक निघू लागली. शेवटचा दांडा अर्धा झाला आणि धार वळली. पुन्हा लावली, पुन्हा वळली. भावाचं पोलाद संपलं होतं. ज्या बाजारच्या पटाशीला तो पत्र्याचं खेळणं म्हणायचा, तिला धार लावून त्याने तो दांडा पुरा केला.

वहिनी दांडे न्यायला आली तेव्हा त्याने हे सांगितलं. कुठला तो दांडा, असं तिने विचारलं. आत्ता दाखवतो म्हणून त्याने डोळे मिटून एकेका दांड्यावरून बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. सगळे सारखेच गुळगुळीत होते; थोरल्याच्या पटाशीचे कुठले आणि बाजारच्या पटाशीने पुरा केलेला कुठला, ते बोटांना कळेना.

हे त्याला फार लागलं. भाऊ गेला त्या दिवशी तो सगळ्यांना सावरत हिंडला होता. आता तो भुशातच खाली बसला आणि ढसाढसा रडू लागला.

वहिनी त्याच्या शेजारी टेकली.

"रडा," ती म्हणाली. "मी वर्षभर एकटीच रडत होते."